फ्लू शॉटनंतर खांदा धरलाय, सात महिने झाले. नुकसानभरपाई मिळते म्हणतात, कोणी केलंय का?

सई_एडिसन

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या. वय ४७, न्यू जर्सीत राहते. गेल्या वर्षी, म्हणजे ८ ऑक्टोबर २०२४ ला, ऑफिसमधून येताना फार्मसीत फ्लू शॉट घेतला. दर वर्षी घेते, कधी काही झालं नाही. या वेळी अंगात घट्ट बाह्यांचा कुर्ता होता, बाही वर जाईना म्हणून मी गळ्याकडून खाली ओढून खांदा उघडा केला, मी खुर्चीत बसलेली आणि तो मुलगा उभा, त्याने अगदी वर, जवळजवळ हाडावरच सुई दिली. तेव्हाच कळ डोक्यात गेली. दुखतंच की दोन दिवस, म्हणून घरी आले तर रात्री त्या कुशीवर वळता येईना. शनिवारी दसरा होता, दाराला तोरण बांधायला हात वर नेला आणि अक्षरशः ओरडले, शेवटी नवऱ्याने बांधलं. दिवाळीत सोऱ्या दाबता येईना, चकल्या विकतच्या आणल्या (हे आईला अजून सांगितलेलं नाही).

आता आपली सवय माहितीच आहे, जाईल आपोआप. निर्गुंडीचं तेल, शेक, हळद-दूध, सगळं झालं. नोव्हेंबरमध्ये वार्षिक चेकअप होतं, तेव्हा डॉक्टर कोलेस्टेरॉलबद्दल बोलत बसली, पंधरा मिनिटं कधी संपली कळलं नाही आणि खांद्याचा विषय राहूनच गेला. डिसेंबरच्या शेवटी पोर्टलवर मेसेज टाकला, जानेवारीत ऑर्थोकडे गेले. एक्स-रे नॉर्मल, एमआरआयमध्ये बर्सायटिस (सांध्याजवळच्या पिशवीला सूज) आणि छोटा पार्शल टेअर (स्नायूबंध थोडा फाटलेला). एक स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं, फिजिओच्या १४ फेऱ्या झाल्या, दर फेरीला ४० डॉलर को-पे. लेकीची वेणी घालताना अजून मध्येच हात खाली ठेवावा लागतो.

परवा ऑर्थो सहज म्हणाला, याला सिर्वा म्हणतात, म्हणजे लस टोचताना झालेली खांद्याची दुखापत, याची सरकारी भरपाई असते, वकिलाशी बोल. मी चाटच पडले. माझे प्रश्न: १) त्या पोराच्या नोकरीवर येईल का? बिचारा चांगला होता, मला लॉलीपॉपपण दिला. २) आम्ही अजून एच-वन वर, ग्रीन कार्डच्या रांगेत. सरकारविरुद्ध केस वगैरे केली तर काही अंगाशी येईल का? ३) वकील किती खातो? ४) आमच्या ग्रुपमध्ये हे बोलले तर दोघींनी लगेच "तरी सांगत होतो लशी घेऊ नका" सुरू केलं. मला त्या पंगतीत बसायचं नाहीये. लेकीच्या सगळ्या लशी वेळेवर झाल्यात आणि होणार आहेत. मला फक्त खांद्याचं विचारायचंय.

खांदेपालट

सई ताई, माझं हे नाव कसं पडलं ते ओळखा पाहू. डॅलसमध्ये असतो. माझी सुई ऑक्टोबर २०१९ ची, अर्ज जानेवारी २०२१ चा, आणि चेक हातात आला जून २०२३ मध्ये. तेव्हा पहिली गोष्ट, घाई असेल तर हे काम तुमच्यासाठी नाही.

प्रश्न एक. त्या मुलाला काहीही होत नाही. ही केस त्याच्यावर नसते, फार्मसीवर नसते, लस बनवणाऱ्या कंपनीवरही नसते. कागदावर एका बाजूला तुमचं नाव आणि दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी ऑफ हेल्थ अँड ह्यूमन सर्व्हिसेस. १९८६ च्या कायद्याने ही योजना झाली, १९८८ पासून चालू आहे, नाव नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कम्पेन्सेशन प्रोग्राम. त्याच्या आधी लोक डीपीटीच्या लशीवरून कंपन्यांवर धडाधड दावे लावत होते, कंपन्या लशी बनवणंच सोडायला लागल्या, तुटवडा व्हायला लागला. मग काँग्रेसने म्हटलं की दोष कोणाचा हे शोधत बसायचंच नाही, नियमात बसलं तर एका फंडातून पैसे द्यायचे. तो फंड कुठून येतो माहितीये? लशीच्या डोसवर ती ज्या ज्या आजारासाठी आहे त्या प्रत्येकामागे ७५ सेंट कर असतो. फ्लूचा एक आजार म्हणून ७५ सेंट, एमएमआरचे तीन म्हणून सव्वादोन डॉलर. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही, मी, आपली पोरं, सगळ्यांच्या सुयांमागे यात पैसे पडतच होते. विम्यासारखं समजा. उलट फार्मसीवर दावा ठोकायचा कोणी म्हटलंच, तरी हजार डॉलरच्या वरच्या दाव्यासाठी आधी इथूनच जावं लागतं.

प्रश्न दोन. लस अमेरिकेत घेतली, एवढं पुरतं. नागरिक असण्याची अट नाही. माझ्या वेळी मी पण एच-वन वरच होतो. मनात धाकधूक असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन टाका, मीही टाकला होता, तो हसला.

प्रश्न तीन, आणि हे कोणाला खरं वाटत नाही. वकील तुमच्या पैशातून एक सेंटही घेऊ शकत नाही. ते "जिंकलो तर तेहतीस टक्के" प्रकरण इथे चालतच नाही. त्याची फी कोर्ट वेगळी मंजूर करतं आणि त्याच फंडातून वेगळी देतं, आणि केस हरली तरी, अर्ज प्रामाणिक होता आणि त्याला वाजवी आधार होता असं कोर्टाला वाटलं, तर तेव्हाही देतं. कोर्टाची फी चारशे डॉलरच्या थोडी वर असते, माझ्या वकिलानेच भरली. मात्र म्हणूनच वकील केस घेताना दहा वेळा कागद तपासतात, मला पहिल्या दोघांनी नाही म्हटलं होतं. हे कोर्ट म्हणजे वॉशिंग्टनमधलं कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स, तिथे प्रॅक्टिस करायची परवानगी असलेला वकील पाहिजे, मग तो कुठल्याही राज्यात बसलेला असो. माझा बोस्टनचा होता, त्याला मी आजतागायत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. कोर्टातही एकदाही गेलो नाही. ज्युरी नसते, स्पेशल मास्टर नावाचे न्यायाधीशासारखे लोक असतात, खांद्याच्या बहुतेक केसेस कागदांवरच निघतात.

प्रश्न चारवर मी काय बोलणार. मी दर वर्षी फ्लू शॉट घेतो. दुसऱ्या हातात.

आता मुद्द्याचं. तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला, ते नोव्हेंबरच्या चेकअपचं. पोर्टलवर जा, त्या दिवसाची डॉक्टरची नोट पूर्ण उघडा, आणि मस्क्युलोस्केलेटल (हाडं-स्नायू) म्हणून ओळ असेल तिथे काय लिहिलंय ते इथे सांगा.

सई_एडिसन

उघडली. "डिनाइज जॉइंट पेन, स्टिफनेस ऑर वीकनेस." म्हणजे सांधेदुखी, ताठरपणा, अशक्तपणा काही नाही असं मी म्हणाले म्हणे. अहो पण तिने मला हे विचारलंच नाही! मी डिनाय कधी केलं??

खांदेपालट

वाटलंच होतं. तो तयार मजकूर असतो, कॉम्प्युटर भरतो, डॉक्टर खाली सही करतो. तुमच्या तोंडून काही निघालं नाही म्हणजे तुम्ही "नाही" म्हणालात असं ते छापतं.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. या योजनेत एक टेबल आहे, कुठल्या लशीनंतर किती वेळात काय झालं तर ते लशीमुळेच झालं असं धरून चालायचं त्याचं. खांद्याची दुखापत त्या टेबलमध्ये मार्च २०१७ पासून आहे. बसण्यासाठी चार गोष्टी लागतात. आधी त्या खांद्याला असं काही दुखणं नव्हतं की ज्यातून आताच्या दुखण्याचा उलगडा होईल. सुईनंतर ४८ तासांच्या आत दुखायला लागलं. दुखणं आणि हात न हलणं त्याच खांद्यापुरतं आहे, मानेतून बोटांपर्यंत मुंग्या वगैरे भानगड नाही. आणि दुसरं कुठलंही कारण दिसत नाही. शिवाय त्रास सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला पाहिजे (किंवा ॲडमिट होऊन ऑपरेशन झालेलं). तुमचे सहा महिने एप्रिलमध्ये झाले.

तुमची सगळी केस त्या ४८ तासांवर अडणार. तुम्ही म्हणता त्याच रात्री दुखलं. सरकारी वकील म्हणणार, मग सहा आठवड्यांनी डॉक्टरसमोर बसलात तेव्हा का नाही बोललात, उलट इथे लिहिलंय की दुखत नव्हतं, आणि पहिली नोंद एकदम अडीच महिन्यांनी. यावरून केस पडतेच असं नाही, लोक सुरुवातीला थांबतात हे स्पेशल मास्टरनाही माहिती असतं आणि निकालांत तसं लिहिलेलंही असतं. पण ते भरून काढायला दुसरा पुरावा पाहिजे, त्याच दिवसांतला, नंतर आठवून लिहिलेला नव्हे.

तेव्हा शोधा. त्या आठवड्यात कोणाला मेसेज केला होता? बहिणीला, आईला, नवऱ्याला? "हात हलत नाहीये" असं एक वाक्य तारखेसकट सापडलं तर सोनं. माझ्या बाबतीत माझी ताई कामाला आली, साताऱ्याला असते. मी तिला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "शर्ट घालताना रडू आलं", त्यावर तिचं उत्तर "ओव्याची पुरचुंडी कर आणि गप झोप". हे सगळं इंग्रजीत भाषांतर करून, शपथेवर, अमेरिकेच्या कोर्टात जमा आहे. पुरचुंडीला इंग्रजीत काय म्हणावं यावर भाषांतर करणाऱ्या बाईंनी मला दोनदा फोन केला होता.

सडेतोड_नाना

सई, राग मानू नकोस, वयाने मोठा आहे म्हणून बोलतो. एक सुई जरा वर टोचली म्हणून सरकारकडून डॉलर मागायचे, हे अगदी अमेरिकन झालं. आमच्या वेळी शाळेत देवीची लस टोचायचे, दंडावर अजून रुपयाएवढा वण आहे, आम्ही कोणावर केस ठोकली? फुटकळ गोष्टीसाठी लोक अशा योजना ओरबाडतात आणि मग खऱ्या गरजूंना रांगेत थांबावं लागतं.

फिजिओ_मुक्ता

नाना, वण आणि हे वेगळं. मी नेपरव्हिलमध्ये फिजिओ आहे, असे खांदे वर्षाला चार-पाच तरी माझ्याकडे येतात, म्हणून सांगते.

दंडाच्या वरच्या भागात जो गोलसर स्नायू आहे तो डेल्टॉइड, सुई त्याच्या मधल्या जाड भागात द्यायची असते, खांद्याचं टोकाचं हाड हाताला लागतं ना, त्याच्या साधारण दोन-तीन बोटं खाली. त्याहून वर गेलं की खाली स्नायू पातळ, आणि त्याच्याखाली बर्सा, म्हणजे हाड आणि स्नायू एकमेकांवर घासू नयेत म्हणून असलेली चपटी पिशवी. लस स्नायूऐवजी त्यात गेली की शरीराने जी प्रतिक्रिया स्नायूत द्यायची ती सांध्याच्या शेजारी देतं, सूज येते आणि ती हटत नाही. सई ताईंनी जे वर्णन केलंय ना, बाही वर न करता गळ्याकडून खाली ओढली, पेशंट बसलेला आणि देणारा उभा, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारते. बाही खाली ओढली की खांद्याचा वरचाच भाग उघडा पडतो, सुई तिथेच जाणार. लशीत दोष काही नसतो, चार सेंटीमीटर खाली दिली असती तर काही झालं नसतं.

साधं दुखणं दोन-तीन दिवसांत जातं. हे जात नाही. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, पोस्टात काम करायच्या, हात समोरून वर जायचा जेमतेम ९० अंश, पाठीमागे ब्राचा हूक लावता येत नाही म्हणून पुढे लावून फिरवून घ्यायच्या. वर्षभर. फुटकळ म्हणायला जीभ रेटत नाही.

सई ताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, तुम्हाला डायबेटिस किंवा थायरॉइड आहे का? आपल्या लोकांत डायबेटिस भरपूर, आणि डायबेटिसमध्ये फ्रोझन शोल्डर (खांदा आखडणं) आपसूकही होतो, बायकांमध्ये चाळिशी-साठीत जास्त. तो मुद्दा समोरून येणारच, तेव्हा रिपोर्ट आधीच वकिलाला द्या, लपवू नका. एमआरआयमधल्या पार्शल टेअरला पण ते "वयामुळे झिजलंय" म्हणू शकतात, त्यावर तुमच्या ऑर्थोने काय लिहिलंय ते बघा. दोन, फिजिओला "कसं आहे?" विचारलं की आपण सवयीने "बेटर, बेटर" म्हणतो. पेशंट म्हणते म्हणून मी तसंच नोटमध्ये लिहिते. खोटं काही सांगू नका, पण बरोबर सांगा, म्हणजे "दुखणं कमी आहे, पण वरच्या फळीवरचा डबा निघत नाही, डाव्या कुशीवर झोप येत नाही" असं. मीच माझ्या पेशंटच्या नोटमध्ये "इम्प्रूव्हिंग" लिहिलेलं नंतर सरकारी वकिलाने तिच्यावरच वापरलेलं पाहिलंय. आणि मध्येच कंटाळून फेऱ्या सोडू नका, चार महिने गॅप पडला की समोरचा म्हणतो बरी झाली असणार.

खांदेपालट

नाना, तुमच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, खांद्याचे अर्ज प्रचंड वाढलेत, अलीकडे येणाऱ्या अर्जांपैकी निम्म्याच्या आसपास हेच असतात. यावरून सरकारनेही एकदा खांदा टेबलमधून काढून टाकायचा घाट घातला होता, म्हणणं हेच की हा लशीचा दोष नाही, टोचणाऱ्याचा हात चुकला. २०२० मध्ये प्रस्ताव, जानेवारी २०२१ मध्ये नियम निघाला, आणि एप्रिलमध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला. माझा वकील त्या घोळातच घाईघाईने अर्ज टाकत होता, "आधी पाठवू, उरलेले कागद मागून" म्हणून. तेव्हा खांदा आजही टेबलमध्ये आहे, आणि कायद्यात आहे ते मागणं म्हणजे ओरबाडणं नव्हे. तुमचा पीएफ तुम्ही मागतच होतात ना?

पैशाचं सगळ्यांच्या मनात असतं म्हणून सांगतो. वेदनेसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर ही कायद्यातली वरची मर्यादा, आणि ती १९८६ पासून तीच आहे. खांद्याला तिथपर्यंत कोणी पोचत नाही. मी माझ्या केसच्या वेळी रात्र-रात्र निकाल वाचायचो, ते कोर्टाच्या साइटवर उघडे असतात, ऑपरेशन न झालेल्यांत ४० ते ८० हजारांतले आकडे बरेच दिसले, ऑपरेशन झालं असेल तर त्याच्या वर. शिवाय तुमच्या खिशातून गेलेले को-पे, औषधं, आणि बुडालेला पगार. म्हणून त्या १४ फेऱ्यांच्या पावत्या जपा. माझा आकडा सांगत नाही कारण निकाल नावासकट छापतात, तुम्ही शोधून काढाल. नाव नको असेल तर निकालानंतर १४ दिवसांत तसा अर्ज करता येतो, माझा तो राहिला.

आणि हो, हाताचं बघितलंत का? फार्मसीकडून लशीची पूर्ण नोंद मागवा, फक्त तारीख आणि लॉट नंबर नाही, कुठल्या दंडात दिली ते. माझ्या नोंदीत उजवा होता आणि सुई डाव्यात दिलेली. कॉम्प्युटरमध्ये एक हात आधीच भरलेला असतो, बदलायला कोणाला वेळ आहे. तिथे मला त्या ताईच्या मेसेजने परत वाचवलं, "डाव्या हाताने चहाचा कप उचलत नाही" असं लिहिलं होतं.

लेक_नाशिकची

मध्येच घुसतेय, माफ करा. माझी आई नाशिकहून आलीये, व्हिजिटर व्हिसावर. मार्चमध्ये एकाच दिवशी तिला फ्लू आणि शिंगल्स (नागीण) दोन्हीच्या लशी दिल्या, म्हटलं आलीच आहे तर होऊन जाऊदे. तिचाही उजवा हात तेव्हापासून वर जात नाही, देवघरातली घंटा डाव्या हाताने वाजवते. तिला पण चालेल का हे?

खांदेपालट

व्हिजिटर असल्या तरी लस इथे घेतली म्हणून अर्ज करता येतो. पण घोळ वेगळा आहे. फ्लू या योजनेत आहे, शिंगल्स नाही. मुलांना सर्रास देतात त्या लशी आणि त्यांचेच मोठ्यांचे डोस या योजनेत येतात: फ्लू, टिटॅनस, हिपॅटायटिस, एमएमआर, एचपीव्ही वगैरे. शिंगल्स फक्त मोठ्यांची, म्हणून बाहेर. तेव्हा उजव्या दंडात कोणती दिली होती हे आधी कळायला हवं. फ्लू असेल तर इकडे. शिंगल्स असेल तर ही वाट बंद, राज्याच्या कोर्टात नेहमीचा निष्काळजीपणाचा दावा, तिथे वकील टक्केवारी घेतो आणि मुदती वेगळ्या असतात. दोन्ही एकाच हातात दिल्या असतील तर वकीलच सांगेल. आजच फार्मसीत जा, आणि आईंना परत जायच्या आधी इथल्या डॉक्टरला दाखवा. मार्च म्हणजे अजून सहा महिने झालेले नाहीत, नाशिकला गेल्यावरही उपचार चालू ठेवा, तिथले केसपेपर, बिलं, सगळं जपून ठेवायला सांगा. आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठीवर तीन औषधं लिहितो आणि संपलं. त्यांना सांगा दुखणं कधीपासून आहे आणि हात किती वर जातो ते लिहून द्या.

पिट्सबर्गचा_पक्या

कोविडच्या बूस्टरनंतर झालं असेल तर? २०२३ चा नोव्हेंबर.

फिजिओ_मुक्ता

कोविडची लस यात नाही, तिची वेगळी योजना आहे, सीआयसीपी. तिथे लस घेतल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, वेदनेचे पैसे नाहीत, वकिलाची फी नाही, कोर्ट नाही, खातंच ठरवतं. आणि पैसे मिळालेले लोक अगदी मोजके. माझ्या एका पेशंटने अर्ज केला होता, तिला नकाराचं पत्र आलं. तुमचं वर्ष तर उलटून गेलंय. वाईट वाटतं सांगताना. त्याच दिवशी त्याच हातात फ्लूपण घेतला होता का? तसं असेल तर मात्र वकिलाला विचारा.

पिट्सबर्गचा_पक्या

नाही, फ्लू आधीच झाला होता. ठीक आहे. व्यायाम काय करू ते तरी सांगा.

फिजिओ_मुक्ता

व्यक्तिगत मेसेज टाकते. तोवर दाराच्या चौकटीला हात लावून ताणणं बंद करा, सगळे तेच करतात आणि वाढवून ठेवतात.

सडेतोड_नाना

पीएफचं पटलं. ७५ सेंटचं मला माहीत नव्हतं. सई, पावत्या ठेव बाई. एक विचारू का, ती लशींच्या दुष्परिणामांची सरकारी नोंदणी असते ना, व्हेअर्स, तिथे लिहिलं की हे आपोआप होतं का?

खांदेपालट

नाही नाना, आणि यात बरेच फसतात. व्हेअर्स म्हणजे नुसती नोंद, कोणीही करू शकतं, त्याचा भरपाईशी संबंध नाही. तिथे लिहून लोक वाट बघत बसतात आणि इकडे मुदत निघून जाते. मुदत तीन वर्षं, आणि ती पहिल्या दुखण्याच्या दिवसापासून, डॉक्टरने सिर्वा शब्द उच्चारला त्या दिवसापासून नाही. सई ताई, तुमचं त्याच रात्री सुरू झालं म्हणजे ८ ऑक्टोबर २०२७ च्या आत अर्ज कोर्टात दाखल झालेला पाहिजे. लांब वाटतं, पण सगळ्या डॉक्टरांचे कागद गोळा करायलाच माझे पाच महिने गेले. त्यातही माझ्या आधीच्या तीन वर्षांचे रेकॉर्ड मागितले होते, खांदा पूर्वी दुखत नव्हता हे दाखवायला. २०१७ मध्ये बॅडमिंटन खेळताना खांदा दुखल्याची एक ओळ निघाली, त्यावर तीन महिने पत्रव्यवहार. नशीब, तो दुसरा खांदा होता.

सई_एडिसन

मंडळी, काल रात्री दीड वाजेपर्यंत फोन खणत होते. नवऱ्याशी तर आम्ही तोंडीच बोलतो, तिथे काही नाही. आईला मुद्दामच सांगितलं नव्हतं. पण पुण्याच्या मावसबहिणीला ९ ऑक्टोबरला व्हॉइस नोट पाठवलेली सापडली! एक मिनिट बारा सेकंद. त्यात मी आधी तिच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचं विचारतेय, मग मुलीच्या शाळेचं रडगाणं, आणि एकदम शेवटी, "अगं काल ती फ्लूची सुई घेतली ना, डावा हात मेलेला आहे, कंगवा धरवत नाही." तारीख, हात, सगळं आलं. ऐकताना हसावं की रडावं कळेना. आणि दसऱ्याचा फोटो आहे, नवरा स्टुलावर चढून तोरण बांधतोय आणि मी खाली डावा हात पोटाशी धरून उभी, त्यावर तारीख आहे.

फार्मसीची नोंदपण मागवली. त्यात "लेफ्ट" आहे, हुश्श. थायरॉइड आहे, गोळी चालू आहे, डायबेटिस नाही. नोव्हेंबरच्या त्या नोटबद्दल डॉक्टरला पोर्टलवर लिहू का, की तुम्ही विचारलंच नव्हतं, दुरुस्त करा म्हणून? आणि व्हॉइस नोट तशीच देतात की लिहून काढावी लागते? सासूबाईंच्या मोतीबिंदूसकट??

खांदेपालट

मोतीबिंदूसकट. मधलं कापायचं नाही, पूर्ण लिहून काढायची, भाषांतर करणाऱ्याची सही, आणि मूळ फाइल फोनवरच राहू द्या, पुढे पाठवू नका, नवीन फोन घेणार असाल तर जुना ठेवा. मावसबहिणीलाही तिच्याकडची पुसू नको म्हणावं.

डॉक्टरला अजून काही लिहू नका. आधी वकील धरा, ते पत्र कसं जाईल ते तो सांगेल, आपण रागाने लिहिलेलं पण रेकॉर्डमध्येच जातं. थायरॉइडचं पहिल्याच फोनवर सांगा. दोन-तीन वकिलांना फोन करा, पहिला नाही म्हणाला तर खचू नका. कोर्टाच्या साइटवर यादी आहे.

सई_एडिसन

उद्या दुपारी एकाशी पहिला फोन आहे. मावसबहीण विचारतेय, तिचं नाव अमेरिकेच्या कोर्टात जाणार असेल तर सासूबाईंना सांगायचं का.